अरोकेरियाचा पिवळा शेंडा आणि मातीतील शिसे

प्रश्न : होटगी रस्त्याच्या बाजूला आम्ही घेतलेल्या जागेवर पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त करण्याची शेड होती. घर बांधून झाल्यावर कुंपणाच्या कडेने अरोकेरियाची, म्हणजे ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात त्याची, आणि मोरपंखीची रोपे एकाच रोपवाटिकेतून आणून एकाच वेळी लावली. रस्त्याकडील रोपे चांगली वाढली. मात्र जुन्या शेडच्या बाजूची रोपे खुंटली आहेत, त्यांचे शेंडे फिके पिवळे आहेत आणि खालच्या फांद्या वाळत चालल्या आहेत. रोपवाटिकावाले म्हणतात की हा चुनखडीचा दोष आहे, हिराकस (लोहाचे सल्फेट) आणि गंधक टाका. आमचे मेहुणे म्हणतात की जमिनीत शिसे उतरले आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? जड धातूंमुळे अशा झाडांच्या रोपांवर नेमका काय परिणाम होतो?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील जागेचा आहे. रोपे एका रोपवाटिकेची, लागवड एका वेळची, पाणीही बहुधा एकाच बोअरचे, आणि तरीही खुंटली ती शेडच्या बाजूचीच. सोलापूरच्या जमिनीत चुनखडी सर्वत्र आहे. दोष केवळ तिचाच असता तर रस्त्याकडील रोपेही थोडीफार पिवळी पडली असती. म्हणून आपल्या मेहुण्यांची शंका तपासून पाहण्याजोगी आहे, आणि ती तपासून होईपर्यंत गंधकाची पिशवी उघडू नये अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तिचे कारण पुढे येईलच.

आधी धातूंविषयी. जस्त, तांबे आणि निकेल हे वनस्पतींना अत्यल्प प्रमाणात लागणारे धातू आहेत. प्रमाण वाढले की तेच विषारी ठरतात. शिसे आणि कॅडमियम यांची मात्र झाडाला कसलीच गरज नसते. यांपैकी कोणताही धातू मातीतील पाण्यात अतिरिक्त प्रमाणात विरघळला की पहिला फटका मुळांच्या टोकांना बसतो. तेथील पेशींचे विभाजन आणि लांबणे मंदावते, मूळ आखूड, जाड आणि तपकिरी होते, आणि पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे फुटेनाशी होतात. शिसे बहुतांशी मुळांच्या पेशीभित्तिकांना चिकटून तेथेच अडकते, फारच थोडे पानांपर्यंत पोचते. तांबेही बरेचसे मुळांतच साठते. जस्त आणि कॅडमियम तुलनेने सहज वर चढतात, कारण कॅडमियम हे जस्त आणि कॅल्शियम यांच्याच वाटांनी मुळांत शिरते. म्हणूनच पानांच्या तपासणीत शिसे फारसे सापडले नाही, तरी झाड निर्दोष जमिनीत उभे आहे असे मानता येत नाही.

मुळांवरील हा आघात वरून दिसतो तो निराळ्याच रूपात. जस्त, तांबे किंवा निकेल अतिरिक्त झाले की झाडाला लोह नीट घेता येत नाही व कोवळी पालवी पिवळी पडते; चुनखडीमुळे लोह न मिळाल्यास दिसणारा पिवळेपणाही हुबेहूब असाच असतो. तंतुमुळे मेल्याने पाणी कमी पडते व सुयांची टोके करपतात. क्षारांनीही टोके करपतातच. थोडक्यात, नुसत्या नजरेने निदान करणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी येथे चुकू शकतो, आणि आपल्या रोपवाटिकावाल्यांना मी त्याबद्दल दोष देणार नाही.

रोप लहान असताना हा त्रास अधिक का होतो, हेही पाहण्यासारखे आहे. धातू बहुधा मातीच्या वरच्या वीतभर थरातच साचतात आणि रोपाची सगळी मुळे नेमकी त्याच थरात असतात; मोठ्या झाडाला खालच्या स्वच्छ थरात मुळे नेऊन वेळ मारून नेता येते. रोपाजवळ अन्नाचा साठा नसतो आणि मुळांना साथ देणाऱ्या बुरशीचे जाळेही अजून विणले गेलेले नसते. त्यातून सूचिपर्णी झाडांची एक वेगळीच अडचण असते. कडुनिंबाची पाने झडली तरी चैत्रात सगळी नवी येतात. सूचिपर्णी झाड मात्र एकेक सुई जातीनुसार दोन ते सात-आठ वर्षे वापरते. जुन्या सुया अकाली गळाल्या म्हणजे अनेक वर्षांची कमाई एकदम जाते आणि ती भरून काढायला रोपाकडे काही उरत नाही. अरोकेरियाच्या बाबतीत तर शेंडा मेला की झाडाचा डौल कायमचा जातो, कारण त्याची बाजूची फांदी शेंड्याची जागा सहसा घेत नाही. तिची छाटकलम लावली तरी ती आडवीच वाढते.

अरोकेरियात एक सोय मात्र आहे. त्याच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यांनी येतात. आपण पट्टी घेऊन शेडकडील रोपाच्या दोन मजल्यांमधील अंतरे खालून वर मोजावीत आणि रस्त्याकडील एखाद्या रोपाशी ताडून पाहावीत. खालची अंतरे दोन्हीकडे सारखी असून वरची एकदम कमी झाली असतील, तर पिशवीतल्या मातीचा गोळा ओलांडून मुळे बाहेरच्या जमिनीत शिरली तेव्हापासून वाढ खुंटली, असा अर्थ निघतो. अंतरे सुरुवातीपासूनच कमी असतील तर रोपच मुळात कमजोर होते. हे मोजायला खर्च नाही आणि त्यातून निदानाला दिशा मिळते.

आता गंधकाविषयी. आपली माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. तिचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा पीएच, साधारणपणे ८ च्या आसपास असतो. अशा मातीत शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम हे धातू कार्बोनेट व इतर अविद्राव्य रूपांत बांधलेले राहतात आणि मुळांच्या वाट्याला कमी येतात. लोह न मिळाल्याने जी चुनखडी आपल्याला शत्रू वाटते, तीच दूषित जागेत राखणदाराचे काम करते. गंधक टाकले म्हणजे मातीतील जिवाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, सामू उतरतो आणि बांधलेले धातू मोकळे होऊ लागतात. स्वच्छ जमिनीत जो उपाय चालला असता, तोच येथे रोपाला आगीतून फुफाट्यात टाकील. हिराकस जमिनीत टाकल्यास तो चुनखडीच्या संपर्कात येऊन लवकरच निकामी होतो, त्यामुळे त्यापासून धोका कमी आणि उपयोगही कमी. अर्धा टक्का हिराकसाची फवारणी एखाद्या फांदीवर करून पाहायला हरकत नाही. फांदी हिरवी झाली तर लोहाची कमतरता होती एवढे सिद्ध होईल, ती चुनखडीमुळे होती की धातूंमुळे हा प्रश्न तसाच राहील.

बॅटरीच्या शेडबाबत आणखी एक बारकावा आहे. बॅटरीत शिशाच्या प्लेटांबरोबर सल्फ्युरिक आम्लही असते. शेडमध्ये जेथे वर्षानुवर्षे आम्ल सांडले, तेथे चुनखडीने ते शोषून जिप्सम बनवले असणार. पण ही चुनखडीही केव्हातरी संपते. ती जेथे संपली असेल तेथे सामू उतरलेला आणि शिसे मोकळे, अशी जोडी भेटण्याचा संभव अधिक. याची पहिली चाचणी घरीच होते. रस्त्याकडील आणि शेडकडील थोडी थोडी माती वाळवून बारीक करावी, दोन बशांत ठेवावी आणि प्रत्येकीवर चमचाभर व्हिनेगर टाकून कान जवळ न्यावा. चुनखडीयुक्त माती बुडबुडे सोडते आणि बारीकसा चरचर आवाज येतो. रस्त्याकडील माती फसफसली आणि शेडकडील गप्प राहिली, तर आम्लाने तेथील चुना खाल्ला आहे हे जवळजवळ नक्की समजावे. माती हाताळताना हातमोजे घालावेत आणि ती कोरडी घोटताना नाकातोंडावर रुमाल असावा.

यानंतर प्रयोगशाळा. मृदा आरोग्य पत्रिकेवर जे १२ घटक असतात त्यांत जस्त, लोह, तांबे आणि मंगल आहेत; शिसे व कॅडमियम नाहीत. ते स्वतंत्रपणे मागावे लागतात आणि सगळ्याच प्रयोगशाळा ते करत नाहीत, म्हणून नमुना देण्यापूर्वी विचारून घ्यावे. अहवालात दोन आकडे मागावेत. एक, धातूचे एकूण प्रमाण. दुसरा, डीटीपीए द्रावणात उतरणारे, म्हणजे झाडाला उपलब्ध होणारे प्रमाण. डीटीपीएची ही पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये आपल्यासारख्या उदासीन व चुनखडीयुक्त जमिनींतील जस्त, लोह, मंगल आणि तांबे यांच्यासाठी प्रसिद्ध केली, आणि पुढे शिसे-कॅडमियमसाठीही ती वापरली जाऊ लागली. बेसॉल्टच्या मातीत तांबे आणि निकेल मुळातच थोडे अधिक असतात, तेव्हा एकूण आकडा पाहून दचकू नये. रस्त्याकडील नमुना हीच आपली मोजपट्टी. शिशाचे मात्र तसे नाही. स्वच्छ मातीत ते साधारण १० ते ५० पीपीएम (दर दहा लाख भागांत तेवढे भाग) असते, त्यामुळे काही शे पीपीएम आकडा आला तर तो शेडचाच ठेवा आहे.

नमुना घेण्यात लोक ज्या चुका करतात त्यांपैकी एक फार साधी आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यात किंवा बादलीत माती मिसळली की जस्ताचा आकडा उगाच फुगतो. प्लॅस्टिकचे टब व लाकडी किंवा स्टेनलेस स्टीलची खुरपी वापरावी. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे घ्यावेत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांतून वरची धूळ खोलवर जाते आणि पावसाळ्यात भेगा मिटल्या की ती तेथेच राहते, त्यामुळे इतरत्र वरच्या थरात अडकून पडणारे शिसे आपल्याकडे वीतभर खालीही सापडू शकते.

शिसे सापडलेच, तर झाडांआधी घरातील मुलांचा विचार करावा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जागेतील मातीसाठी अनेक वर्षे ४०० पीपीएम ही चौकशीची पातळी धरली होती आणि २०२४ मध्ये ती २०० पर्यंत खाली आणली. ती पातळी लहान मुलांच्या पोटात जाणाऱ्या मातीचा हिशेब करून ठरवलेली आहे, झाडांचा नव्हे. अरोकेरिया तग धरून उभा असलेल्या मातीतही मुलांनी खेळणे धोक्याचे असू शकते. तेथे मेथी, पालक, कोथिंबीर लावू नये, उघडी माती ओली किंवा झाकलेली ठेवावी, आणि आकडा मोठा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलांच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

झाडांसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग जमीन उंचावण्याचा आहे. दूषित पट्ट्यावर जाड कापडी अस्तर घालून त्यावर बाहेरून आणलेला पोयटा व शेणखत यांचा दीड-दोन फुटांचा वाफा करावा आणि मोरपंखी त्यात लावावी. अरोकेरिया मोठा होणारा वृक्ष असल्याने त्याला तेथून हलवून रस्त्याकडेच जागा द्यावी, हे बरे. मधला उपाय म्हणजे चांगले कुजलेले शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट. सेंद्रिय पदार्थ शिसे व तांबे धरून ठेवतात आणि फॉस्फेटशी संयोग होऊन शिशाचे अत्यंत अविद्राव्य खनिज बनते. फॉस्फेटचा अतिरेक झाल्यास लोह व जस्त आणखी दुर्मिळ होतात, तेव्हा हात आखडता ठेवावा. आणि उकरलेली माती ट्रॅक्टरने कोणाच्या तरी शेताच्या बांधावर नेऊन टाकू नये. शिसे कुजत नाही, ते केवळ मालक बदलते.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जड धातू आणि सूचिपर्णी रोपे यांवरचे जे संशोधन वाचनात येते ते कॅनडा, फिनलंड, बेल्जियम अशा थंड देशांतील पाइन आणि स्प्रूस यांवरचे असते. त्याचे निष्कर्ष सोलापूरला लावता येतील का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मुळांवर होणारा परिणाम सर्वत्र सारखा आहे, तो लावता येईल. किती धातूने किती नुकसान होते हे आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत, कारण त्या जंगलांची माती मुळातच आम्लधर्मी असते. सूचिपर्णी झाडांचा कुजणारा पाचोळा तिला आणखी आम्ल करतो, सामू ४ ते ५ पर्यंत उतरलेला असतो, आणि तेथे थोडे शिसेही पुष्कळ ठरते.

कॅनडातील सडबरीचे उदाहरण आपण सविस्तर वाचावे. तेथे तांबे आणि निकेल गाळण्याच्या उद्योगाने, त्यातही सुरुवातीच्या काळात उघड्यावर धातुक भाजण्याच्या पद्धतीने, गंधकाचा धूर व धातूंची धूळ यांचा असा मारा झाला की डोंगर काळे आणि बोडके पडले. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीची चिमणी उभारल्यावर गावावरचा धूर कमी झाला, तो दूरवर विखुरला गेला, पण जमीन आपोआप सुधारली नाही. रोपे लावली तरी मुळे आम्ल आणि धातू यांच्या जोडगोळीपुढे टिकत नव्हती. १९७८ पासून डोलोमाइट चुनखडीची भुकटी पोत्यांनी डोंगरावर नेऊन हाताने पसरली गेली, मग गवत व द्विदल वनस्पती पेरल्या गेल्या आणि त्यानंतर पाइनची लागवड झाली. आजवर तेथे १ कोटीहून अधिक रोपे लागली आहेत. चुनखडी टाकल्याने धातू जमिनीतून गेले नाहीत, ते केवळ मुळांना मिळेनासे झाले, हा त्यातला मर्म आहे. सडबरीला जी चुनखडी पाठीवर वाहून न्यावी लागली ती आपल्या मातीत फुकट आहे, म्हणून सोलापुरात तेवढ्याच एकूण शिशाने वा निकेलने रोपाचे तेवढे नुकसान होणार नाही.

दुसरा फरक बुरशीचा, आणि प्रकल्पासाठी हा विषय मला अधिक आकर्षक वाटतो. बेल्जियममध्ये जस्ताच्या कारखान्यांभोवतालच्या जमिनीत सुइलस ल्यूटियस या बुरशीचे जस्त सोसणारे वाण आढळले. त्या वाणाची साथ मिळालेली पाइनची रोपे जस्ताच्या भाराखालीही अन्नद्रव्ये घेत राहिली. स्वच्छ जागेतील त्याच जातीच्या बुरशीला ते जमले नाही. म्हणजे रोपाचे सोसणे हे पुष्कळदा त्याच्या बुरशीचे सोसणे असते. पण पाइनची बुरशी मुळांवर बाहेरून आवरण करणारी असते, तर अरोकेरिया, मोरपंखी व जुनिपर यांची बुरशी मुळांच्या पेशींत शिरणारी असते. आपल्याकडे दुकानांत मायकोरायझा म्हणून जी भुकटी मिळते ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची, म्हणून ती मोरपंखीला चालेल आणि पाइनला तिचा उपयोग नाही. दूषित व स्वच्छ माती, भुकटीसह व भुकटीविना, अशा चार गटांत मोरपंखीची रोपे लावून मुळांची लांबी व वजन मोजणे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज शक्य आहे. उंची मोजून समाधान मानू नका. ती सर्वांत शेवटी बोलते.

जाता जाता, अरोकेरियाच्या ज्ञात जातींपैकी निम्म्याहून अधिक न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातील एकाच बेटसमूहात आढळतात, आणि त्यांतील अनेक निकेलने ओतप्रोत भरलेल्या जमिनीवर नैसर्गिकपणे उगवतात. आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून विकली जाणारी बरीच रोपे ज्या कोलम्नारिस जातीची असतात, ती मात्र तेथे समुद्रकाठच्या प्रवाळी चुनखडीवर वाढते.

प्रश्न : आमच्या टॉवेल कारखान्याच्या रंगखात्याचे पाणी आवारातील सुरू आणि मोरपंखीच्या रांगेला सोडले जाते. मोरपंखी करपली, सुरू मात्र बरा आहे. हा रंगातील जड धातूंचा परिणाम समजावा का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : प्रथम मिठावर संशय घ्यावा. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना मीठ किंवा ग्लॉबर मीठ आणि सोडा मोठ्या प्रमाणात वापरतात, ते सगळे सांडपाण्यात उतरते. काळ्या जमिनीचा निचरा मंद असल्याने क्षार मुळांशी साठतात आणि सोडियममुळे जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर मोरपंखी करपायला धातूंची गरजच नाही. हा आकडा तपासण्याआधी धातूंच्या महागड्या चाचण्या करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सुरू बरा राहिला याचेही नवल नाही. सुयांसारख्या दिसणाऱ्या हिरव्या काड्यांमुळे तो सूचिपर्णी वाटतो, पण तो सपुष्प वृक्ष आहे, समुद्रकाठी वाढणारा, खारे पाणी सोसणारा.

धातूंपैकी एकाची चौकशी मात्र अवश्य करावी, ती क्रोमियमची. डायक्रोमेट कोणत्याही कामासाठी वापरले जात असेल तर त्यातील षट्संयुजी क्रोमियमला आपली चुनखडी अडवू शकत नाही. इतर धातू अल्कधर्मी मातीत बांधले जातात, हा तेथेही पाण्याबरोबर सरकतो आणि विहिरीपर्यंत जाऊ शकतो. रंग पुरवठादाराकडून रसायनांची माहितीपत्रके मागवून घ्यावीत, आणि प्रक्रिया न केलेले पाणी झाडांना सोडणे तूर्त थांबवावे.

प्रश्न : अशी झाडे लावून दूषित जमिनीतील धातू शोषून घेता येतील का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. सूचिपर्णी झाडे धातू फारसे वर खेचत नाहीत, आणि शिसे तर मुळांतच अडकते. जमीन झाकून धूळ उडू न देणे व पावसात माती वाहू न देणे एवढे काम ती करतात, पण त्यासाठी सोलापूरच्या उन्हात अरोकेरियापेक्षा कडुनिंब आणि करंज स्वस्त पडतील. अशा जागेतील गळालेला पाला भाजीच्या वाफ्यात किंवा गांडूळ खताच्या खड्ड्यात घालू नये. विकतचे शहरी कंपोस्ट घ्यायचे असेल तर गोणीवरील मजकूर पाहावा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा अधिक असता कामा नये.